मंगळवारी चालली

मंगळवारी चालली. ओट्यापासून दारापर्यंत,
दारापासून माझ्या बुटांपर्यंत,
आणि बुटात हात घालून हसली.
बुधवारी मान धरेना.
गिलेनने वहीत लिहिलं: बुधवार. मान नाही.
खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या, कारणासाठी.
त्या अजून मोकळ्याच आहेत.

इथे सागनेत डिसेंबरात चारलाच अंधारतं
आणि चारलाच नोएमीची डावी पापणी उतरते,
दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकावं तशी.
सकाळी डॉक्टरकडे नेली की दोन्ही डोळे टक्क उघडे.
"मला तर काही दिसत नाही," तो म्हणतो
आणि गिलेनकडे बघतो,
जणू पापणी हीच घरी विसरून आलीय.

एक म्हणाला, पोट. दुसरा म्हणाला, कान.
तिसरा अगदी पोरगेला, बुटांवरचं बर्फ वितळून खाली थारोळं,
त्याने विचारलं,
"घरात तुम्हा दोघांचं बरं आहे ना?"
बरं होतं.
परत येताना गाडीत आम्ही पहिल्यांदा भांडलो.

शेजारची सोलांज म्हणते, दिसायला किती गोड!
हो. दिसायला.

मी ॲल्युमिनियमच्या कारखान्यात.
ओळीने भट्ट्या, प्रत्येकीच्या पोटात वीज.
वीज गेली तर हाताशी थोडे तास असतात,
मग आतला धातू थिजतो, दगड होतो,
आणि मग पहार घ्या, नाहीतर देवाचं नाव घ्या.
अठराव्या वर्षी म्हाताऱ्या फेर्नाँने शिकवलेलं हे,
हे मला कळतं.
म्हणून क्यूबेकहून आलेल्या बाईंनी कागदावर
एक पेशी काढली, पेशीत घेवड्याच्या बियांसारखं काही,
आणि म्हणाल्या, "वीज इथे तयार होते. हिची इथे कमी पडते,"
तेव्हा मी मान हलवली.
गिलेन म्हणाली, "मग मंगळवारी कशी चालली?"
बाईंनी पेनाला टोपण लावलं.
"प्रश्न बरोबर आहे," म्हणाल्या. एवढंच.

दोघांकडून थोडं थोडं आलंय म्हणे,
तिच्या माहेराकडून, माझ्या वडिलांकडून,
या फ्योर्डच्या काठावरच्या कितीतरी घरांत
निजलेलं असतं, कुणाला न उठवता.
रात्री गिलेनने माझा हात उशाशी घेतला,
उलटापालटा करून पाहिला,
आणि परत ठेवला.

आजाराला नाव मिळालं. फ्रीजवर चिकटवलं.
नाव मिळाल्यावर आठ दिवस नीट झोपलो.
मग तिला साधी सर्दी झाली.

गुरुवार: दोनदा उलटी. केळं नको, साल हातात हवी.
शुक्रवार: हात बर्फ, कपाळ तवा.
शनिवार: झोपेत श्वास भराभर, कुणी जिना चढतंय तसा.
(आमच्या घराला जिना नाही.)
रविवार: काही नाही.
"काही नाही"च्या खाली दोन रेघा, पेन रुतवून.

रात्रपाळीत मी भट्टीला कान लावतो,
ती बिघडण्याआधी आवाज बदलते, मला समजतो.
घरी येऊन पोरीच्या छातीला कान लावतो.
अंग ताकास तूर लागू देत नाही.

मार्चमध्ये तिला गोठलेल्या खाडीवर नेली,
मेहुण्याच्या लाकडी खोपटात. शेगडी पेटलेली,
तळाला भोक, भोकात काळं पाणी.
ब्लँकेटमधून एकच बोट बाहेर,
बोटाला गळाची दोरी, दोन वेढे.
आम्ही घड्याळाकडे बघत नव्हतो,
म्हणजे बघतच होतो.

खालून कुणीतरी ओढलं.
तिने परत ओढलं.

मासा सुटला, मेहुणा हळहळला.
गिलेनने वही काढली, पेन गारठलेलं,
तोंडाशी धरून श्वासाने ऊब दिली, मग लिहिलं:
रविवार. ओढलं.
किती वाजता, ते लिहायचं राहिलं.